गेली ती एक ओळ

5 डिसेंबर 2025 रोजी इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, काउंटरपुढे माणसे रडकुंडीला आली. त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एक छोटे पत्र काढले. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, ही सूचना तत्काळ मागे घेत आहोत, एवढाच त्यातला महत्त्वाचा मजकूर. दिवसभर वाहिन्यांवर अडकलेले प्रवासी दिसत होते, आणि ते दिसायलाच हवे होते. या पत्राकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. त्या आठवड्यातली सर्वांत गंभीर गोष्ट आमच्या मते तीच होती.

त्या एका ओळीने काय होत होते, ते पाहू. समजा, पुण्यातल्या एका सहवैमानिकाने बहिणीच्या लग्नासाठी गुरुवार ते शनिवार रजा घेतली. हळद, लग्न, पाहुणे, रात्रीची जागरणे. रविवारी तो कामावर हजर. ती ओळ नसेल तर कंपनी म्हणू शकते: तुझी साप्ताहिक विश्रांती या तीन दिवसांत झाली, आता पुढची रोस्टरप्रमाणे. ती ओळ असेल तर रजा वेगळी आणि सलग 48 तासांची विश्रांती वेगळी. कंपनीच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे. माणसे जास्त लागतात, म्हणजे भरती करावी लागते. त्या दिवशी खरा प्रश्न प्रवाशांच्या सोयीचा कमी आणि भरतीचा जास्त होता.

ही ओळ काही आकाशातून पडली नव्हती. वैमानिकांच्या संघटना वर्षानुवर्षे दिल्ली उच्च न्यायालयात थकव्याच्या नियमांसाठी झगडत होत्या. 8 जानेवारी 2024 रोजी डीजीसीएने सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली. रात्र पहाटे 5 ऐवजी 6 वाजेपर्यंत धरायचे ठरले. रात्रीच्या पाळीतली लँडिंग 6 वरून 2 वर आणली गेली. अंमल व्हायचा होता 1 जून 2024 पासून. विमान कंपन्यांनी ओरड केली आणि मार्चमध्येच तो लांबणीवर पडला. संघटना पुन्हा न्यायालयात उभ्या राहिल्या. अखेर दोन टप्पे ठरले: 1 जुलै 2025 आणि 1 नोव्हेंबर 2025. मध्यरात्रीनंतर पुण्याला किंवा नागपूरला उतरणाऱ्या विमानात बसलेल्या प्रत्येकावर या लढ्याचे उपकार आहेत. ते मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

दुसरा टप्पा लागू झाला आणि महिनाभरात देशातली सर्वांत मोठी कंपनी कोसळली. नियम अचानक आले असे म्हणायला जागा नव्हती. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. तरीही वाकले ते नियम. रात्रीच्या कामाच्या नियमांतून इंडिगोला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट मिळाली. रजेची ती ओळ तर सगळ्याच कंपन्यांसाठी गेली. न्यायालयात वर्षे घालून कमावलेले एका दुपारी गेले. यात सरकारचा कणा किती ताठ आहे ते दिसले. पण आमचा प्रश्न दुसऱ्या बाजूला आहे. ती ओळ जाताना वैमानिकांच्या बाजूने कोण काय करत होते?

संघटनांनी पत्रे लिहिली. एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात अल्पा इंडिया, आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स या दोघांनीही स्पष्ट निषेध केला. कंपनीने माणसे वेळेवर भरली नाहीत, त्याची शिक्षा सुरक्षेला का, असे विचारले. पत्रांतला शब्दन् शब्द बरोबर होता. पण ती पत्रे बाहेरून आली होती. ज्या कंपनीचे रोस्टर कोसळले, तिथे वैमानिकांची मान्यताप्राप्त संघटना नाही. देशातल्या दर तीन प्रवाशांपैकी जवळजवळ दोन ज्या कंपनीच्या विमानात बसतात, तिथे वैमानिकांच्या वतीने व्यवस्थापनासमोर बसून ‘हे रोस्टर चालणार नाही’ असे नावानिशी सांगणारा एकही निवडून आलेला माणूस नाही. त्या दिवसांत इंडिगोच्या कर्मचाऱ्याचे म्हणून एक पत्र समाजमाध्यमांवर हातोहात फिरले. त्याखाली सही नव्हती. पाच हजारांहून अधिक वैमानिक असलेल्या कंपनीत आतला आवाज म्हणून देशापुढे आले ते एक निनावी पत्र. संघटनांच्या नेतृत्वाचे मोजमाप करायचे तर इथून करावे लागेल.

हे असे का झाले, याचे उत्तर 2012 मध्ये सापडते. त्या वर्षी एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्डने 58 दिवसांचा संप केला. कशासाठी? बोइंग 787, म्हणजे ड्रीमलायनर, ताफ्यात यायचे होते. त्याचे प्रशिक्षण आमच्याच वैमानिकांना द्या, पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना त्यात वाटा नको, हे भांडण होते. दोन्ही सरकारी कंपन्या 2007 मध्ये एक झाल्या होत्या. वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. आदल्या वर्षी, एप्रिल-मे 2011 मध्ये, दुसऱ्या संघटनेने, इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने, समान वेतनासाठी दहा दिवस काम बंद ठेवले होते. एकाच्या संपात दुसऱ्याची विमाने उडत राहिली. दोन्ही वेळा संघटनेची मान्यता गेली. 2012 मध्ये शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले आणि शेवट उच्च न्यायालयात कामावर परतण्याची हमी देऊन झाला. बढतीची शिडी हा वैमानिकाच्या आयुष्यातला किरकोळ विषय नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मोठे विमान म्हणजे पगार, दर्जा, परदेशच्या फेऱ्या. विलीनीकरणाने सेवाज्येष्ठतेचा गुंता झाला होता हेही खरे. पण नेतृत्व म्हणतात ते या गुंत्याच्या पलीकडे पाहण्याला.

पलीकडे काय चालले होते? त्याच 2012 च्या पावसाळ्यात, संप मिटून दोन महिने होतात न होतात तोच, इंडिगो देशांतर्गत प्रवाशांच्या संख्येत पहिल्या क्रमांकावर गेली. तिचे पहिले उड्डाण ऑगस्ट 2006 मधले. सहा वर्षांत ती तिथे पोहोचली. हवाई धंद्याचे केंद्र सरकारी कंपनीतून उठून गुरुग्राममधल्या एका खासगी कार्यालयात गेले, आणि वैमानिकांच्या दोन सर्वांत जुन्या संघटना कोणत्या विमानाच्या खुर्चीत कोण बसणार यावर भांडत राहिल्या. ज्या नव्या कंपनीत पुढच्या दशकात देशातले सर्वाधिक वैमानिक नोकरी करणार होते, तिथे पाय रोवण्याची हीच वेळ होती. तेव्हा कंपनी आजच्या मानाने लहान होती, तिला माणसांची गरज होती, वैमानिकाच्या शब्दाला वजन होते. ती वेळ गेली. नंतर ती पुन्हा आली नाही.

खासगी कंपन्यांत कुणी प्रयत्नच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेट एअरवेजमध्ये 2009 मध्ये नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड स्थापन झाली. त्यात पुढाकार घेणाऱ्या दोघांना कंपनीने काढून टाकले. वैमानिकांनी एकगठ्ठा आजारपणाची रजा टाकली, पाच दिवस कंपनीचे कंबरडे मोडले आणि काढलेले परत आले. तो विजय होता. पण दहा वर्षांनी पगार थकू लागले तेव्हा हीच गिल्ड एक एप्रिलपासून उड्डाण बंद, मग पंधरा एप्रिलपासून बंद, असे इशारे देत आणि पुढे ढकलत राहिली. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला उतरले. कंपनी बुडत असताना कामगार संघटनेच्या हातात फार काही नसते, हे आम्हाला मान्य आहे. पण कंपनीच्या कर्जाचा डोंगर वाढत होता त्या वर्षांत हिशेब मागण्याची संधी होती. गिल्ड फक्त जेटची होती. तिच्या पाठीशी दुसऱ्या कंपनीतला कुणी उभा नव्हता, आणि जेट गेल्यावर गिल्डही विषयातून गेली.

इंडिगोतला प्रसंग त्याहून बोलका आहे. महासाथीत कापलेला पगार पूर्ववत होत नाही म्हणून एप्रिल 2022 मध्ये काही वैमानिकांनी संपाची जुळवाजुळव सुरू केली. संपाच्या आधीच कंपनीने त्यांना निलंबित केले. संप झालाच नाही. त्या वैमानिकांच्या मागे कायदेशीर नोंदणी असलेली, निधी असलेली, वकील असलेली संघटना त्या कंपनीच्या आत असती तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. पण ती नव्हती, आणि हे निलंबन पाहिलेल्या हजारो वैमानिकांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते सांगता येते. कमांडर व्हायचे आहे तो सहवैमानिक गप्प बसतो. डावीकडची, म्हणजे कमांडरची, खुर्ची कधी द्यायची हे कंपनीच ठरवते. नोकरी सोडायची तर 2017 च्या नियमाने कमांडरला वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

तोंड बंद असले की शरीर बोलते. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या विमान कंपनीत हमीचे उड्डाण तास 70 वरून 40 वर आणणारी नवी पगारपद्धत आली. तिथेही संघटना नव्हती. वैमानिक आजारी पडू लागले आणि कंपनीला रोजची 25 ते 30 उड्डाणे कमी करावी लागली. आधीच्या वर्षी, टाटांकडे गेलेल्या एअर इंडियाने प्रत्येक वैमानिकापुढे स्वतंत्र नवा करार ठेवला. दोन्ही जुन्या संघटना आता एकत्र आल्या, सह्या करू नका म्हणाल्या. बारा वर्षांपूर्वी हे शहाणपण सुचले असते तर त्याचा उपयोग होता. नव्या व्यवस्थापनाच्या लेखी त्यांना मान्यताच नव्हती. बोलणी संघटनेशी झाली नाहीत, प्रत्येकाशी एकेकट्याने झाली. वरातीमागून घोडे याला म्हणतात.

आता कायदा बदलला आहे, आणि हा मुद्दा संघटनांच्या पत्रांत ठळकपणे यायला हवा होता. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. इंडिगो कोसळायला तेव्हा दोन आठवडेही राहिले नव्हते. या संहितेनुसार एका आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असतील तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच वाटाघाटी करणार. कुणाकडेच तेवढे नसतील तर किमान 20 टक्के असलेल्यांची मिळून समिती. संपाला 14 दिवसांची नोटीस. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजा हाही संपच. म्हणजे एकगठ्ठा रजा टाकून कंपनीला नमवण्याची जी रीत 2009 पासून चालत आली, तिची वाट अरुंद झाली. राहतो तो एकच मार्ग: त्या त्या कंपनीत सभासद मोजून दाखवणे. देशभरचा महासंघ, उच्च न्यायालयातला नामांकित वकील, मंत्र्यांना पाठवलेले निवेदन, यातले काहीही 51 टक्क्यांच्या जागी चालणार नाही. कमांडर हा कामगार की पर्यवेक्षक, हा जुना वादही कंपन्या या संहितेच्या आधाराने नव्याने उकरतील. त्याचे उत्तर तयार ठेवण्याचे कामही संघटनांचेच.

‘आम्ही सगळ्या वैमानिकांसाठी लढतो’ असे संघटना म्हणतात. न्यायालयातल्या लढ्यापुरते ते खरे आहे. नियम सर्वांसाठी असतो. पण नियम पाळला जातो की नाही, हे रोज संध्याकाळी कुठल्या तरी बेसवर ठरते. स्टँडबायवरचा माणूस कधी उचलला, ड्यूटी किती वाढवली, थकव्याचा अहवाल देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणाचा फोन आला. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर एक कॅप्टन विमानात बसण्याआधीच बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि दगावला. त्या मृत्यूचा थकव्याशी संबंध कुणी सिद्ध केलेला नाही, आणि आम्हीही तो जोडत नाही. पण अशा प्रसंगी रोस्टर मागवून घेण्याचा, ते कंपनीसमोर ठेवून प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला वैमानिकांचा प्रतिनिधी आत असावा लागतो. तो नसेल तर उरते कंपनीचे निवेदन आणि डीजीसीएची फाइल.

अमेरिकेतली एअर लाइन पायलट्स असोसिएशन 1931 पासून आहे. तिच्या रचनेतली एक गोष्ट आपल्याकडच्या नेत्यांनी नीट पाहावी. तिथे एकाच संघटनेखाली प्रत्येक विमान कंपनीच्या वैमानिकांचे स्वतंत्र निवडून आलेले मंडळ असते, आणि करार ते मंडळ करते. 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन कंपनीचे विमान पडून 50 जण मरण पावले. त्यानंतर थकव्याचे नवे नियम आले, 2014 पासून लागू झाले. तिथल्या कंपन्यांनीही खर्चाची ओरड केलीच. पण नियमाची राखण करणारे लोक कंपनीच्या आत बसलेले होते. आपल्याकडे नियम आला, राखणारे बाहेर राहिले.

म्हणून नेतृत्व प्रभावी आहे का, या प्रश्नाला आमचे उत्तर नाही असे आहे. प्रामाणिक आहे, अभ्यासू आहे, न्यायालयात चिकाटीचे आहे. पण जिथे वैमानिक आहेत तिथे ते नाही. महासंघाचा अध्यक्ष टीव्हीवर किती वेळा दिसला, याने हे बदलणार नाही. इंडिगोत, अकासात, नव्या एअर इंडियात, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये बेसनिहाय सभासद नोंदवावे लागतील. निवृत्तीला आलेल्या कमांडरांच्या हातातली पदे सहवैमानिकांसाठी मोकळी करावी लागतील, कारण पुढची पंचवीस वर्षे त्यांना उडायचे आहे. दोन जुन्या संघटनांना, महासंघाला आणि अल्पा इंडियाला एका लेटरहेडवर यावे लागेल. त्यासाठी आपापली अध्यक्षपदे सोडायची तयारी आहे का, हे आजवर कुणी सांगितलेले नाही.

आणि सर्वांत आधी पैशाचे बोलावे लागेल. सभासद झाला म्हणून निलंबित झालेल्या वैमानिकाला संघटना किती महिने किती पगार देणार, त्याचा वकील कोण असणार, प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते तोवर कोण भरणार, हे आकड्यांत जाहीर करावे लागेल. 2022 मध्ये ज्यांच्यावर निलंबनाची पाळी आली, त्यांना असे काही सांगायला संघटनेतले कुणी आत नव्हते. हा आकडा ऐकल्याशिवाय पंचविशीतला सहवैमानिक सभासदत्वाचा अर्ज भरणार नाही, आणि घर गहाण ठेवून त्याला वैमानिक केलेले त्याचे आईवडीलही त्याला तो भरू देणार नाहीत.